१-०-१ मधला दुसरा एक



डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. औषधाच्या दुकानातला मुलगाही पाकिटावर तेच लिहून देतो आणि तोंडाने सांगतो, "रात्री जेवणाआधी." आपण मान हलवतो आणि घरी येतो.

पण आपल्या घरात रात्रीचं जेवण असतं कुठे? दिवस मावळायच्या आत आपली ताटं घासूनसुद्धा होतात. पुष्कळजणींचं मावळतीनंतर पाणीही बंद. मग तो दुसरा एक घ्यायचा कधी? तुम्ही कधी डॉक्टरांना हे विचारलंय? माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, चौदा वर्षांत विचारलं नव्हतं. तिच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या मीही विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पर्वात ती मंदिरात कोसळली, तेव्हा विचारावं लागलं.

दशलक्षण पर्वाचा सातवा दिवस होता, उत्तम तपाचा. अक्काचं एकाशन चालू होतं. एकदाच जेवायचं, तेही पूजा आटोपून साडेअकराच्या सुमाराला. सकाळी सातला नेहमीप्रमाणे गोळी घेऊन ती मंदिरात आली. साडेदहाच्या सुमाराला पूजेत तिचा आवाज बदलला. शब्द पुढेमागे होऊ लागले. कपाळावर घाम, हात थरथरणारे. मी "अक्का, काय होतंय?" म्हणेपर्यंत ती कलली.

बायका धावल्या. कोणी पदराने वारा घातला. कोणी म्हणालं, "तपाचा थकवा आहे, पडू दे जरा." मी तिथल्याच कपाटातून साखर काढून पाण्यात कालवली आणि भांडं घेऊन आले, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, तिचा नियम आहे! जेवणाच्या वेळेआधी तोंडात काही घातलंस तर मोडेल."

आणि मी थांबले.

हे लिहिताना आजही हात जड होतो. भांडं हातात, बहीण समोर पडलेली आणि मी दोन-तीन मिनिटं नियमाचा विचार करत उभी. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने माझ्या हातातून भांडं घेतलं, अक्काला बसतं केलं, गिळता येतंय ना ते पाहिलं आणि घोट घोट पाजलं. रुग्णालयात पोचल्यावर साखर मोजली तर ४६ भरली. ती ७०च्या खाली गेली की धोका समजतात. साखरपाणी पोटात जाऊनही ४६, मग मंदिरात किती असेल, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

रुग्णालयात सलाईनमधून ग्लुकोज दिलं. तासाभरात अक्का नीट बोलू लागली आणि घरी जायचं म्हणू लागली. पण तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. ती घेत होती त्या जातीच्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, असं त्यांनी सांगितलं.

दुपारी पलंगाशी एक तरुण मुलगी येऊन बसली. अक्काला वाटलं, बिलाचं काही विचारायला आली. ती म्हणाली, "मी इथली डायबिटीस एज्युकेटर." मूळची आहारतज्ज्ञ, पुढे मधुमेहाचं वेगळं शिक्षण घेतलेली. काही ठिकाणी परिचारिकाही हे काम करतात. औषध लिहून देणं हे त्यांचं काम नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, आहार आणि तपासणी त्या माणसाच्या रोजच्या दिवसात बसतंय का ते पाहायचं आणि बसत नसेल तर बसवायला शिकवायचं, हे त्यांचं काम.

तिने साखर किती असते हे विचारलंच नाही. म्हणाली, "अक्का, सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय करता ते सांगा. मला घाई नाही."

अक्का सांगत गेली आणि ती कागदावर एक आडवी रेघ ओढून त्यावर वेळा मांडत गेली. पाचला उठणं. सातला गोळी. दर्शन-पूजेनंतर नऊला न्याहारी. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, मग दुसऱ्या सकाळी नऊपर्यंत पोटात काही नाही. तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे रोजचे पंधरा तास. हे पर्वात नव्हे, बारा महिने?"

"आमच्याकडे असंच असतं, पोरी."

"आणि संध्याकाळची गोळी?"

अक्का जरा घुटमळली. मग म्हणाली, "चिठ्ठीवर रात्री लिहिलंय. रात्री मी पाणी घेत नाही. आठवण राहिली तर जेवताना घेते. अष्टमी-चतुर्दशीला, पर्वात, नाही घेत."

मी बघतच राहिले. हे मलाही माहीत नव्हतं.

तिथून पुढे सगळं उलगडलं. संध्याकाळची गोळी निम्मे दिवस चुकत होती, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली यायची. आमचे फॅमिली डॉक्टर रिपोर्ट पाहायचे आणि विचारायचे, "गोळ्या वेळेवर घेता ना?" अक्का म्हणायची, "घेते की." मग त्यांनी गोळीची ताकद वाढवली. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. आता ती वाढवलेली गोळी अक्काने एकाशनाच्या दिवशी सकाळी सातला रिकाम्या पोटी घेतली आणि जेवण होतं साडेअकराला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलंय की नाही, हे ती बघत नाही.

डॉक्टर चुकले नव्हते आणि अक्काने जाणूनबुजून कोणाला फसवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. मधली जागा मोकळी राहिली आणि त्या जागेत ती पडली.

म्हणूनच आज मला सांगायचंय ते एवढंच, की मधुमेह एकट्या डॉक्टरांच्या भरवशावर सांभाळता येत नाही आणि एकट्या एज्युकेटरच्या भरवशावरही नाही. दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. आणि ते आपोआप होत नसेल तर ते घडवून आणणं आपल्या हातात आहे.

एकट्या एज्युकेटरच्या भरवशावर का नाही, तेही सांगते. त्या मुलीने पहिल्या दिवशी दिलेला छापील तक्ता आमच्या उपयोगाचा नव्हता. त्यात गाजर, मुळा, बीट यांची कोशिंबीर, मधल्या वेळी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आणि झोपताना कपभर दूध होतं. अक्काने तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला. ती घडी पाहूनच मी ओळखलं, हा कागद आता रद्दीतच जाणार. पण मुलगी हुशार होती. "यातलं काय जमणार नाही?" असं तिने आपणहून विचारलं. मग पुन्हा पेन काढलं. कंदमुळं गेली, अंडं गेलं, झोपतानाचं दूध गेलं. त्या जागी मोड आलेले मूग, काकडी, दोडका, पडवळ, ताक आलं. "उपवासाला साबुदाणा खाता का?" असं तिने विचारल्यावर अक्का हसली. आपला उपवास म्हणजे अन्न नाहीच. कोणी फक्त गरम पाणी घेतं, कोणी तेही नाही. त्या मुलीला हे पहिल्यांदाच कळत होतं. काहीजणी पर्वात हिरव्या भाज्याही सोडतात, मग ताटात उरतात भाकरी, भात आणि डाळ, आणि साखर चढते, हेही तिने लिहून घेतलं.

म्हणजे तिने दिवस समजून घेतला. पण अक्काचं मूत्रपिंड कसं आहे, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी काय दिलंय, हे तिला कुठून कळणार? ते ठाऊक होतं आमच्या फॅमिली डॉक्टरांना. म्हणून तिने एक पानाचं पत्र लिहिलं आणि त्यांना फोनही केला.

आमचे डॉक्टर जुन्या पिढीतले. सुरुवातीला त्यांना हे फारसं रुचलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कालची मुलगी आपल्याला शिकवणार, असं वाटलं असेल. पत्र वाचलं, चष्मा काढला आणि अक्काला म्हणाले, "तीस वर्षं तुमच्या घरी येतोय, अक्का. संध्याकाळचा चहा तुम्ही मला देता आणि स्वतः घेत नाही, हेही पाहतोय. पण गोळीचं माझ्या डोक्यात आलं नाही."

मग त्यांनी जे केलं ते ती मुलगी करू शकली नसती. अक्का एकटी राहते, मुलगा पुण्यात, रात्री काही झालं तर हाक मारायला कोणी नाही, हे त्यांना माहीत होतं. रक्ताच्या तपासणीवरून मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलंय, त्यामुळे ती गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळू शकते, हेही त्यांच्याकडच्या फाईलमध्ये होतं. त्यांनी ती गोळी बंद केली आणि साखर एकदम खाली न आणणारी दुसरी दिली. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीएवनसी, ती सातच्या आत आणायचा त्यांचा आग्रह होता. तो त्यांनी सोडला. म्हणाले, "या वयात, एकटं राहणाऱ्या माणसाला आठच्या आत असली तरी चालेल. पुन्हा पडायचं नाही, हे पहिलं." आणि चिठ्ठीवर १-०-१ न लिहिता स्वच्छ मराठीत लिहिलं, 'सकाळी ९, न्याहारीबरोबर. संध्याकाळी ५.३०, जेवणाबरोबर.'

मी बी.कॉम.ला असताना बँक रिकन्सिलिएशनचं गणित असायचं. व्यापाऱ्याचं रोकडवही एक शिल्लक सांगायचं, बँकेचं पासबुक दुसरी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, तरी जुळत नाहीत. कारण एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्यापर्यंत पोचलेली नसते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकेक नोंद ताडून पाहिली की फरक सापडतो. डॉक्टरांची फाईल आणि एज्युकेटरची वही यांचं तसंच आहे. फक्त इथे फरक सापडायला उशीर झाला तर माणूस जातो.

दुसरं उदाहरण आमच्या महिला मंडळातल्या एका भगिनीचं. तिला इन्सुलिन चालू आहे. साखर काही केल्या उतरेना, डोस वाढतच चालला. एज्युकेटरने तिला पोटावर सुई कुठे टोचते ते दाखवायला सांगितलं आणि तिथे हाताने चाचपून पाहिलं. रोज एकाच जागी टोचून कातडीखाली गाठ झाली होती. अशा गाठीत गेलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. उपाय सोपा, जागा बदलत राहायची. पण इथे एक मेख आहे. तोच वाढलेला डोस चांगल्या जागी टोचला तर तो पुरता लागू पडणार आणि साखर धाडकन खाली येणार. म्हणून त्या एज्युकेटरने जागा बदलायला सांगायच्या आधी डॉक्टरांना कळवलं आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. गाठ एकीला सापडली, डोस दुसऱ्याने उतरवला. यातलं एकच घडलं असतं तर?

माझी जाऊ म्हणाली, "इतकी वर्षं डॉक्टर एकटेच करत होते की." करत होते, पण तेव्हा गल्लीत मधुमेहाचे पेशंट दोन-चार असायचे. आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या लोकांच्या सुईच्या जागा डॉक्टर चाचपत बसले तर औषध कधी लिहिणार? आणि ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत बॉस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागायच्याही आधी, मधुमेहावर डॉक्टर आणि पेशंट दोघांनी मिळून वापरायचं पुस्तक लिहिलं. घरोघरी जाऊन पेशंटला शिकवणाऱ्या परिचारिकाही त्यांनी तयार केल्या. चांगल्या डॉक्टरला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं, की हे एकट्याचं काम नाही.

एज्युकेटरकडे जायचं कधी? दर महिन्याला जायची गरज नसते. जाणकार चार वेळा सांगतात. मधुमेह आहे असं नव्याने कळतं तेव्हा. नंतर वर्षातून एकदा, किंवा साखर आटोक्यात येत नसेल तेव्हा. मूत्रपिंड, डोळे, पाय, हृदय यांचं काही नवीन दुखणं निघतं तेव्हा. आणि आयुष्यात मोठा बदल होतो तेव्हा, म्हणजे जोडीदार जातो, माणूस एकटं पडतं, किंवा मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जातं. आपल्यासाठी मी यात पाचवी वेळ घालते, ती म्हणजे पर्वाच्या आधी.

रमजानच्या रोज्यांसाठी जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांनी मार्गदर्शक पुस्तिका केली आहे. रोजे सुरू व्हायच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या, असं त्यात सांगितलंय. कोणी रोजा ठेवू नये, कोणाच्या औषधाच्या वेळा कशा फिरवायच्या, साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, सगळं नीट मांडलंय. ते वाचून मला हेवा वाटला आणि थोडी लाजही वाटली. आपण श्रावणातच पर्वाची तयारी करतो, सोवळ्याचे कपडे काढतो, पूजेची थाळी घासतो. मग डॉक्टरांकडे एक फेरी मारायला काय हरकत आहे?

आता धर्माचा मुद्दा, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याला वाटतं, व्रताचं डॉक्टरांना काय सांगायचं? ते 'उपवास करू नका' म्हणतील, मग मनाला रुखरुख. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. पण दहा दिवसांत एक दिवस उत्तम सत्याचाही आहे ना? डॉक्टरांपुढे "घेते की" म्हणताना ते सत्य कुठे जातं?

आणि तप म्हणजे फक्त अनशन असं कोणी सांगितलंय? बाह्य तपाचे सहा प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. त्यात अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. पुढे रसपरित्याग आहे. सोळा कारण भावनांमध्ये तर शक्तितस्तप असा शब्दच आहे, आपल्या शक्तीप्रमाणे तप. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींना अक्काने विचारलं, तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "नियम घेतानाच औषधाची सवलत ठेवून घे. म्हणजे वेळ आली तर मोडल्याचं दुःख नाही."

गेल्या वर्षी पर्वात अक्काने एकाशन केलं नाही. सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेपाचला, दोन वेळा मोजकं जेवली आणि रसपरित्याग केला. मी विचारलं, "कुठला रस सोडतेस?" म्हणाली, "साखर तर चौदा वर्षांपूर्वीच सुटलीय, त्याचं काय पुण्य? तूप सोडते." दहाही दिवस तिने मंदिरात बसून पूजा केली. पर्सच्या कप्प्यात ग्लुकोजच्या पुडीची डबी होती. ती उघडावी लागली नाही.

ज्या प्रश्नांनी आपण मनातल्या मनात औषध टाळतो, तेही विचारून टाका. इन्सुलिन प्राण्यांपासून करतात ना, असं मला चौघींनी तरी विचारलंय. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आज सर्रास मिळणारं मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट वापरून तयार करतात. कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. तिथे तेच औषध गोळीच्या रूपात मिळतं का, हे डॉक्टर सांगू शकतात. पण तुम्ही विचारलंत तरच. मनातल्या शंकेने औषध बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पैशाचंही बोलू. एज्युकेटरची वेगळी फी असली की घरातले म्हणतात, नुसतं बोलायचे पैसे? रुग्णालयातल्या एका रात्रीचं बिल आम्ही भरलंय, म्हणून सांगते, नुसतं बोलणं स्वस्त पडतं. फी परवडत नसेल तर सरकारी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी क्लिनिकमध्ये चौकशी करा. मधुमेह आणि रक्तदाबासाठीच ती सोय आहे आणि तिथे समुपदेशकाची जागाही योजनेत धरलेली आहे. काही दवाखान्यांत औषध कंपन्यांनी पाठवलेल्या एज्युकेटर बसतात. सुई कशी टोचायची, साखर कशी मोजायची, हे त्यांच्याकडून जरूर शिकावं. पण त्यांनी एखादं महागडं यंत्र किंवा नवं औषध सुचवलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पगार कोण देतं, हे पाहण्याची सवय कॉमर्सवाल्यांना असते. ती इथेही उपयोगी पडते.

आणि जवळपास एज्युकेटरच नसेल तर? मग ते काम काही अंशी आपणच करायचं. एक साधी वही घ्या आणि पर्वाच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात असावं:

१. उठल्यापासून झोपेपर्यंतच्या खाण्याच्या आणि गोळ्यांच्या खऱ्या वेळा. चिठ्ठीवरच्या नव्हे, घरातल्या.

२. मावळतीनंतर काय चालतं, काय नाही. पाणीसुद्धा.

३. कुठल्या तिथींना, किती दिवस, कसला उपवास करायची इच्छा आहे.

४. दुसऱ्या डॉक्टरांची औषधं, काढे, चूर्णं, सगळं.

५. साखर मोजलेले आकडे, तारीख आणि वेळ घालून. वाईट आकडे गाळू नका, डॉक्टरांना तेच पाहायचे असतात.

मग विचारा, मला हा उपवास झेपेल का? कुठली गोळी कधी घ्यायची आणि कुठली त्या दिवशी घ्यायचीच नाही? किती आकडा आला की उपवास सोडायचा? काही गोळ्यांवर असताना पाण्याशिवाय राहणंच धोक्याचं असतं, म्हणून निर्जळी करणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय नियम घेऊ नये. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. एज्युकेटर असेल तर तीच वही तिलाही दाखवा आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून लिहून घ्या.

मंदिरातल्या बायकांसाठी शेवटचं. मधुमेह असलेलं कोणी घामाघूम झालं, थरथरलं, बरळू लागलं, तर ती तपाची खूण समजू नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी साखर मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोजच द्यावं लागतं. म्हणून आमच्या मंदिराच्या कपाटात आता ग्लुकोजचा डबा ठेवलाय. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, तडक रुग्णालयात न्या.

आणि मागून कोणी म्हणालंच, "तिचा नियम मोडेल," तर माझ्यासारख्या भांडं धरून उभ्या राहू नका. एका जिवाची दया करताना मोडला तर मोडू दे. प्रायश्चित्त घ्यायला ती जिवंत तर राहील.

जय जिनेंद्र.